लेखनाचं सोवळं

मराठी शिकवणारे पाच प्राध्यापक एकत्र बसलेत आणि त्यांतला एकजण म्हणाला, की यंदा मी विद्यार्थ्यांना निबंधाऐवजी ध्वनिफीत करायला सांगितलीय, तर पुढे काय ऐकायला मिळेल हे मी आधीच सांगू शकतो. पहिला म्हणेल, "म्हणजे रील करायला लावताय पोरांना!" दुसरा म्हणेल, "आधीच ऱ्हस्व-दीर्घाची बोंब, त्यात हे." तिसरा एकदम गरीब विद्यार्थ्यांचा कैवारी होईल. आणि विभागप्रमुख चहाचा शेवटचा घोट घेत निकाल देतील, "लेखन म्हणजे लेखन. बाकी सगळे चाळे."

या निकालाचा मला कंटाळा आला आहे. पण त्याला उत्तर द्यायचं तर तो आधी नीट मांडायला हवा, कारण त्याचे समर्थक स्वतः तो कधी धड मांडत नाहीत. त्यांचं म्हणणं असं : लेखन ही एकट्याने, कागदावर, शब्दांशी करायची साधना आहे. चित्र, आवाज, हलती दृश्यं यांचा बाहेर पूर आलेला आहे, निदान वर्गात तरी त्यापासून सुटका हवी. व्हिडिओत शब्द कमी, म्हणजे विचारही कमी. त्यातून मुलांना भाषा येणार नाही, मास्तरांना गुण देता येणार नाहीत आणि ज्यांच्याकडे महागडा फोन आहे तेच पुढे जातील. शिवाय ही सगळी परदेशी फॅडं आहेत.

आता ज्या लेखनाला या माध्यमांपासून वाचवायचं आहे, ते आहे तरी कसं? 'पावसाळ्यातील एक दिवस', 'मोबाईल : शाप की वरदान', 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त', 'मी पंतप्रधान झालो तर'. शाळेत हे विषय गाईडमधून पाठ होतात. कॉलेजात त्यांचा 'प्रकल्प' होतो. झेरॉक्सच्या दुकानात तो तयार मिळतो, स्पायरल बाइंडिंगसकट, फक्त पहिल्या पानावरचं नाव आणि हजेरी क्रमांक बदलायचा. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आलं आणि दुकानापर्यंत जाण्याचेही कष्ट वाचले. आता विद्यार्थी यंत्राने लिहिलेला मजकूर रेघांच्या कागदावर निळ्या शाईने सुवाच्य अक्षरात उतरवून काढतो आणि आपण त्याला 'स्वतःच्या हस्ताक्षरातील स्वाध्याय' म्हणून दहापैकी आठ देतो. एकांतातली साधना ती हीच का? या साधनेत विद्यार्थ्याने एकही निर्णय घेतलेला नसतो. कुणासाठी लिहायचं, कुठून सुरुवात करायची, काय गाळायचं, यांतला एकही प्रश्न त्याला पडलेला नसतो. वाचणारा एकच, तोही पगारी, आणि तो वाचत नाही, तपासतो.

तरीही म्हणणार, की हे लेखन आणि ध्वनिफितीची संहिता म्हणजे चाळे. बरं. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचं पहिलं गीत प्रसारित झालं. पुढे वर्षभर दर आठवड्याला ग. दि. माडगूळकर लिहीत राहिले, सुधीर फडके चाली बांधत राहिले आणि गीतांची संख्या छप्पन्नवर गेली. ते लेखन रेडिओसाठी होतं. प्रसारणाची वेळ ठरलेली, गीताला किती वेळ मिळणार ते ठरलेलं, ऐकणाऱ्याला मागचं पान उलटून बघायची सोय नाही, म्हणून शब्द पहिल्याच ऐकण्यात पोचला पाहिजे. या अटींनी गदिमांचं लेखन कमअस्सल झालं का? 'सामना' आणि 'सिंहासन' यांच्या पटकथा लिहिणारे विजय तेंडुलकर त्या दिवसांपुरते लेखक नव्हते का? पु. ल. देशपांडे आकाशवाणीत नोकरी करत होते, तेव्हा ते चाळे करत होते का? या तिघांवर आपल्याच विभागांत प्रबंध झाले, आपल्याच मार्गदर्शनाखाली. मोठ्या माणसाने केलं की माध्यमांतर आणि एफ. वाय.च्या पोराने केलं की रील?

गंमत पुढे आहे. हा विषय अभ्यासक्रमाच्या बाहेरचा नाहीच. अकरावीच्या 'युवकभारती'त उपयोजित मराठी या विभागात अनुदिनी लेखन, म्हणजे ब्लॉग, आणि रेडिओजॉकी हे चक्क पाठ आहेत. पदवीला 'प्रसारमाध्यमांसाठी लेखन' कित्येक वर्षं शिकवलं जातं. आणि आपण त्याची परीक्षा कशी घेतो? 'नभोवाणीसाठी लेखन करताना कोणती पथ्ये पाळावीत ते सविस्तर लिहा.' गुण दहा. विद्यार्थी आठ मुद्दे लिहितो : भाषा सोपी असावी, वाक्यं छोटी असावीत, श्रोता डोळ्यांसमोर असावा. हे मुद्दे तो पंचवीस शब्दांच्या लांबलचक वाक्यात लिहितो, आणि ते वाक्य त्याने आयुष्यात कधी मोठ्याने म्हणून पाहिलेलं नसतं. ब्लॉग पेनाने, रेडिओ पेनाने, मुलाखतही पेनाने. टीव्हीवरचा कुकरी शो बघून पोट भरल्यासारखं हे आहे, आणि याला आपण कौशल्याधिष्ठित शिक्षण म्हणतो.

'व्हिडिओत शब्द कमी, म्हणून विचार कमी' हा आक्षेप घेणाऱ्यांनी एकदा तीन मिनिटांची ध्वनिफीत करून पाहावी. मी देतो तो स्वाध्याय असा असतो : आठवडी बाजारात काम करणाऱ्या एका माणसाबद्दल तीन मिनिटांची श्राव्य कथा. मराठीत तीन मिनिटं म्हणजे, पार्श्वभूमीचे आवाज धरून, जेमतेम साडेतीनशे शब्द. दोन पानी निबंध खरडणाऱ्या विद्यार्थ्याला हे ऐकून आधी आनंद होतो. मग तो कामाला लागतो. बाजारात जाऊन परवानगी मागणं आलं. प्रश्न लिहून काढणं आलं. रेकॉर्डिंग झालं की ते शब्दन् शब्द उतरवून काढणं आलं, आणि तासाभराचं बोलणं कागदावर आणायला चार-पाच तास सहज जातात. त्या वीस-पंचवीस पानांतून कामाची सहा-सात वाक्यं निवडायची. त्यांच्यामध्ये आपलं निवेदन लिहायचं. ते वाचून ध्वनिमुद्रित करायचं, ऐकायचं, लाजायचं आणि पुन्हा लिहायचं. साडेतीनशे शब्दांमागे किती लेखन झालं, मोजा. आणि मग सांगा, शब्द कुठे कमी पडले.

एका गटाने कल्हईवाला निवडला होता. त्यांच्या पहिल्या संहितेतलं सुरुवातीचं वाक्य साधारण असं : आधुनिकीकरणाच्या रेट्यात अनेक पारंपरिक व्यवसाय लोप पावत असून कल्हई हा त्यांपैकीच एक महत्त्वपूर्ण व्यवसाय होय. निबंधात या वाक्याला मी बरोबरची खूण केली असती, तुम्हीही केली असती. पण निवेदन करणाऱ्या मुलीचा माइकसमोर निम्म्यातच श्वास संपला. दुसऱ्यांदाही संपला. तिसऱ्यांदा तिला हसू आलं. मग गटाने ते वाक्य खोडलं आणि लिहिलं : "ही भट्टी यांच्या वडिलांच्या काळात रोज पेटायची. घराघरांत स्टील आलं. आता ती फक्त बाजाराच्या दिवशी पेटते." आधी भात्याचा आवाज, मग तापल्या भांड्यावर नवसागर पडल्यावरची चरचर आणि त्यावर ही तीन वाक्यं. 'महत्त्वपूर्ण' आणि 'होय' हे शब्द मी कधी वर्गात खोडायला सांगितले नव्हते. कानाने सांगितले. वर्षभर लाल शाईने जे जमत नाही ते फोनमधल्या रेकॉर्डरने एका दुपारी केलं.

आता शुद्धलेखन. हा आक्षेप मला सर्वांत विनोदी वाटतो, कारण शुद्धलेखनाची खरी गरज विद्यार्थ्याला आयुष्यात पहिल्यांदा इथेच भासते. साहित्य महामंडळाचे नियम अठरा आहेत, चौदा १९६२चे आणि चार १९७२चे. ते आपण घोकून घेतो, आणि निबंधात चुकलं तर अर्धा गुण कापतो. विद्यार्थ्याला त्याचं काहीच वाटत नाही, कारण ते बाड मास्तरांशिवाय कुणी बघणार नसतं. पण आपल्याच चित्रफितीच्या उपशीर्षकात चुकीची वेलांटी मोठ्या अक्षरात पडद्यावर आली आणि मागच्या बाकावरून हशा पिकला, की तो रात्री मला फोन करून विचारतो, "सर, 'परीक्षा' पहिली का दुसरी?" आणि बोलणं उतरवून काढताना तर त्याहून कठीण प्रश्न येतात. बाजारातली एखादी आजी 'व्हतं' म्हणाली, 'होतं' लिहायचं का? कल्हईवाल्याचं 'म्हंजी' तसंच ठेवायचं की सुधारायचं? ठेवलं तर त्याची टिंगल होते का? सुधारलं तर तो माणूस राहतो का? प्रमाणभाषा आणि बोली यांच्यावर मी तासन्‌तास व्याख्यानं दिली आहेत. हे प्रश्न त्यांतून एकदाही आले नाहीत.

उपशीर्षक लिहिणं हाच एक पूर्ण स्वाध्याय होऊ शकतो. बोलणारा सहा सेकंदांत जे बोलला ते पडद्यावर दोन ओळींत बसवायचं, वाचणाऱ्याची नजर पोचेल इतकंच आणि अर्थाला धक्का न लावता. सारांशलेखनाचा याहून निर्दय धडा आपल्या कुठल्या पाठ्यपुस्तकात आहे? तसंच छायाचित्राचं शब्दवर्णन. एनव्हीडीएसारखं मोफत स्क्रीन रीडर वापरणारा अंध विद्यार्थी तुमच्या वर्गात असेल, तर त्याला फोटो दिसत नाही, फोटोखाली दडवलेलं वर्णन ऐकू येतं. ते तीस शब्दांत लिहायला सांगा. 'निसर्गरम्य', 'विलोभनीय' हे शब्द तिथे निरुपयोगी ठरतात. डावीकडे काय आहे, माणूस उभा आहे की बसलेला, त्याच्या हातात काय आहे, आणि हा फोटो इथे का लावलाय, हे सांगावं लागतं. वर्णनपर लेखन शिकवायला मला याहून चांगली रीत माहीत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. आपल्या मराठी विभागांना त्याचा आणि लेखनाचा काही संबंध असेल अशी शंकाही आलेली नाही.

गरिबांचा कैवार घेणाऱ्यांना मला आधी एक विचारायचं आहे. स्पायरल बाइंडिंगचा खर्च गरीब विद्यार्थ्याकडून घेताना हा कळवळा कुठे असतो? शाळकरी मुलांची पाहणी करणाऱ्या 'असर'चं २०२४चं सर्वेक्षण ग्रामीण भारताचं आहे. त्यात १४ ते १६ वयोगटातल्या सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. तो वापरता येणाऱ्यांपैकी आदल्या आठवड्यात शिक्षणासाठी वापरल्याचं सांगणारी मुलं ५७ टक्के आणि समाजमाध्यमांसाठी वापरल्याचं सांगणारी ७६ टक्के. म्हणजे फोन घरात आलेला आहे, फक्त तो बघण्यासाठी आलेला आहे, करण्यासाठी नाही. ही तफावत मिटवायला शाळा-कॉलेजाशिवाय दुसरं कोण येणार? बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले. तो कोड स्कॅन करून दुसऱ्याने केलेला व्हिडिओ बघायला मुलांना मुभा आहे, स्वतःचा करायला मात्र मनाई. हा कसला समतेचा विचार?

घरी फोन असला तरी तो मुलीच्या हाती असतोच असं नाही, हे खरं आहे. त्यासाठी स्वाध्याय नीट आखावा लागतो, रद्द करावा लागत नाही. तिघांचा गट, गटात एक फोन. व्हिडिओ नको, आवाज पुरे. तीन मिनिटांची साध्या दर्जाची एमपीथ्री फाइल दीड एमबीच्या आत बसते. एवढ्याच लांबीचा चकचकीत व्हिडिओ शेकडो एमबी खातो. चेहरा दाखवण्याची सक्ती नको, नाव देण्याची नको, यूट्यूबवर टाकण्याची तर मुळीच नको. वर्गात ऐकवा, विभागाच्या संगणकावर जपा, बस्स. ज्या गावात मुलीचा फोटो फिरला तर तिचं कॉलेज बंद होतं, तिथे 'सार्वजनिक करा' ही अट घालणारा शिक्षक पुरोगामी नसतो, बेफिकीर असतो.

इथे माझा राग दुसऱ्या बाजूलाही वळवायला हवा. नव्या शैक्षणिक धोरणाच्या उत्साहात काही महाविद्यालयांत असले स्वाध्याय दिले जातात, आणि कसे? "कोणत्याही विषयावर छानसा व्हिडिओ करा." झालं. लांबी ठरलेली नाही, श्रोता ठरलेला नाही, संहिता मागितलेली नाही, वर 'ज्याला जास्त लाइक त्याला जास्त गुण'. मग विद्यार्थी नेटवरचे फोटो उचलतात, त्यांखाली चित्रपटातलं गाणं लावतात आणि विकिपीडियावरचा परिच्छेद यंत्राच्या आवाजात वाचून घेतात. सोवळेवाल्यांना बोट दाखवायला हेच पुरावे मिळतात. पण वाईट निबंध पाहून कुणी निबंधच बंद करा म्हणत नाही, विषय देणाऱ्याला दोष देतो. मग इथेही द्या. माध्यमाने कुणाला आळशी केलेलं नाही. आळस स्वाध्याय देणाऱ्याचा आहे.

श्रेय देण्याचा प्रश्नही या उचलेगिरीतूनच येतो. निबंधात कुठून काय उचललं हे विचारायची आपल्याकडे पद्धतच नाही. ध्वनिफितीत मात्र पार्श्वसंगीत लावलं की प्रश्न उभा राहतो : हे कुणाचं? भारतीय कायद्याने लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, हे माझ्या विद्यार्थ्यांना बासरीची धून लावताना कळलं. ज्याची मुलाखत घेतली त्याला फीत ऐकवून होकार घ्यायचा असतो, हेही तेव्हाच. वाङ्मयचौर्यावरचं प्राचार्यांचं परिपत्रक सूचनाफलकावर पिवळं पडत होतं, त्याने हे झालं नव्हतं.

राहिले गुण. 'वस्तुनिष्ठ निकष नाहीत' म्हणणारे लोक निबंधाला कोणत्या वस्तुनिष्ठ निकषांनी गुण देतात? केंद्रीय मूल्यमापन केंद्रावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उपसताना पहिला परिच्छेद, एक कवितेची ओळ, अक्षर आणि समास पाहून सहा की सात हे ठरतं, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. ध्वनिफितीसोबत मी मूळ रेकॉर्डिंग, उतरवून काढलेलं बोलणं, संहितेचे सगळे खर्डे आणि एक पानभर टिपण मागतो : काय गाळलं आणि का? गुण या कागदांना. झगमगाटाला शून्य. यंत्राकडून लिहून घेण्याची भीती? यंत्र संहिता लिहील, आवाजही देईल. पण बुधवारच्या बाजारात जाऊन कल्हईवाल्याशी तासभर बोललेलं मूळ रेकॉर्डिंग त्याच्याकडे नसतं, आणि 'हे वाक्य का काढलंस?' या प्रश्नाला समोर बसून उत्तर त्याला देता येत नाही. वेळेचं म्हणाल, तर शंभर-सव्वाशेच्या वर्गात तिघांचे चाळीसेक गट होतात. तीन मिनिटांनी गुणा, ऐकायला दोन तास. तेवढ्या निबंधांना दोन तासांत कुणी प्रामाणिकपणे हात लावून दाखवावा.

उरलं परदेशी फॅडाचं. शब्दांसोबत चित्र, आवाज, दृश्य यांतूनही अर्थ मांडायला शिकण्याचा, म्हणजे बहुविध साक्षरतेचा विचार ज्यांनी मांडला ते दहा अभ्यासक १९९४मध्ये अमेरिकेतल्या न्यू लंडन या गावी जमले होते आणि त्यांचा निबंध १९९६मध्ये प्रसिद्ध झाला, हे खरं. म्हणून काय? छापखाना कुठून आला होता? निबंध हा प्रकार आपल्याकडे कुणी आणला? आणि आपल्याकडचंच पाहायचं, तर पिंगुळीचे ठाकर चित्रकथी चित्रं एकामागून एक समोर धरून, वाद्यावर, गाऊन रामायण-महाभारत सांगत आले. त्या परंपरेतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आपणच अभिनंदनाचे ठराव केले. हेमा राईरकर आणि गी पॉयटवां यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आज 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर त्यांतली ओवी मजकूर म्हणून वाचता येते, गाणाऱ्या बाईच्या आवाजात ऐकता येते आणि ती बाई जात्यावर बसलेली पाहताही येते. छापील ओवीत जात्याची घरघर नसते, मधली दम घ्यायची जागा नसते, दुसरीने ओळ उचलून धरलेली नसते. लोकसाहित्याच्या तासाला आपण ती छापील ओवी फळ्यावर लिहून तिची वैशिष्ट्यं सांगतो. शुद्ध लेखन ते, आणि चाळे हे?

अभ्यासमंडळांवर बसलेल्या माझ्या मित्रांकडे माझी मागणी छोटी आहे. पुढच्या जूनपासून 'नभोवाणीसाठी लेखन' या घटकावरचा दहा गुणांचा लेखी प्रश्न काढून टाका. त्याच दहा गुणांत तीन मिनिटांची फीत मागा, तिच्यासोबत खर्डे मागा, आणि पहिली फीत स्वतः करून विद्यार्थ्यांना ऐकवा.